दोनशेचा प्लॅन घेऊनही नेट अडकतंय? आधी राउटरपुढची रांग मोजा

परळच्या एका मंडळाच्या अभ्यासिकेचं नेट गेली सहा वर्षं माझ्या गळ्यात आहे. पगार नाही, पद नाही. "तुला कळतं ना त्यातलं" एवढ्या एका वाक्यावर मिळालेली जबाबदारी. चाळीस-पंचेचाळीस मुलं, बहुतेक स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. फायबरची एक जोडणी, एक राउटर, एक जुना स्विच (एका तारेवरून अनेक तारा काढून देणारा डबा). पहिली दोन वर्षं मी प्रत्येक तक्रारीवर एकच औषध दिलं, मोठा प्लॅन. ५० एमबीपीएसचा (सेकंदाला ५० मेगाबिट) १०० केला, १०० चा २००. वर्गणीतले पैसे गेले आणि "दादा, नेट अडकतंय" हे वाक्य रोज संध्याकाळी सातला ऐकू येतच राहिलं.

टोलमाफीच्या आधीचा दहिसर नाका ज्यांनी पाहिलाय त्यांना माझी चूक लगेच कळेल. हायवे कितीही रुंद असू दे, गाडी किती वेळात सुटणार हे ठरायचं खिडकीवरच्या माणसाच्या हातावर आणि नाक्याआधी गाड्यांना उभं राहायला किती जागा आहे त्यावर. नेटवर्कमधला प्रत्येक डबा असाच एक नाका असतो. नेटवरचा माल छोट्या तुकड्यांत जातो, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. पॅकेट येतं, मेमरीत उभं राहतं, प्रोसेसर त्याचा पत्ता बघतो आणि पुढे धाडतो. उभं राहायच्या जागेला बफर म्हणतात. जागा संपली की आलेलं पॅकेट सरळ टाकून दिलं जातं. हात संथ असेल तर रस्ता मोकळा असूनही रांग लागते. मी सहा वर्षांपूर्वी फक्त हायवे रुंद करत होतो.

कुणाच्या तरी सोसायटीचं ऑफिस, क्लास किंवा अभ्यासिका पहिल्यांदाच सांभाळायला घेतली असेल, तर खालच्या क्रमाने जा.

जवळ काय काय हवं

- लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप. पोर्ट नसेल तर यूएसबी लॅन अडॅप्टर
- धड अवस्थेतली, आठही तारा जोडलेली लॅन केबल
- राउटरच्या अ‍ॅडमिन पानाचा पासवर्ड (वाय-फायचा वेगळा, हा वेगळा)
- जोडणी युजरनेम-पासवर्डवर चालत असेल तर तो युजरनेम आणि पासवर्ड. राउटर रिसेट केल्यावर केबलवाल्याला रात्री दहाला फोन करायची वेळ यायला नको
- शेवटचं बिल. त्यावरचा डाउनलोडचा आणि अपलोडचा, दोन्ही आकडे
- वही. मोबाइलमधली नोट नको, कारण ती तुमच्यानंतर येणाऱ्याला मिळत नाही

१. वाटेवरचे सगळे डबे कागदावर मांडा

मुलाच्या फोनपासून सुरुवात करा. फोन, वाय-फाय, स्विच, राउटर, फायबरचा डबा, मग ऑपरेटर. ओळीने लिहा आणि प्रत्येकाखाली पोर्टचा वेग टाका. आमच्याकडे इथेच पहिला चोर सापडला. स्विच १०० चा होता, त्याच्या पुढे मी २०० चा प्लॅन घेऊन बसलो होतो.

एक खूण लक्षात ठेवा. वेग मोजल्यावर आकडा दर वेळी ९३-९४ वरच थांबत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० चं पोर्ट आहे किंवा केबलची एखादी जोडी तुटली आहे. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. त्यामुळे तुटकी केबल बंद पडत नाही, गुपचूप खाली उतरते. पन्नास-साठ रुपयांच्या केबलसाठी मी वर्षभर दुप्पट बिल भरलं.

२. पिंग आधी रिकाम्या वेळी घ्या, मग भरल्या वेळी

लॅपटॉप तारेने राउटरला जोडा. वाय-फायवरून घेतलेलं माप धरू नका. पिंग म्हणजे एक छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. दोन खिडक्यांत दोन पिंग सतत चालू ठेवा. एक स्वतःच्या राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसरं बाहेर, ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर).

सकाळी सातला, अभ्यासिका उघडायच्या आधी, माझ्याकडे राउटरचं पिंग १ मिलिसेकंदाच्या आत आणि बाहेरचं ५-६ यायचं. मग एका मोठ्या व्हिडिओचं अपलोड सुरू केलं आणि बाहेरचं पिंग बघत बसलो. ६, ४०, १८०, ४१०, ७००. एकही पॅकेट हरवलं नाही. सगळी पोचत होती, फक्त पाऊण सेकंद उशिरा.

आता हिशोब करा, सोपा आहे. जास्तीचा वेळ गुणिले वेग, म्हणजे रांगेत उभा असलेला माल. आमच्या प्लॅनमध्ये डाउनलोडला २०० असले तरी अपलोडला २० एमबीपीएसच होते. ०.७ सेकंद गुणिले २० म्हणजे १४ मेगाबिट, म्हणजेच पावणेदोन मेगाबाइट. एवढा माल कुणाच्या तरी पोटात साठून होता, आणि नंतर आलेल्या प्रत्येक पॅकेटला, मग ते व्हिडिओ कॉलमधलं 'हॅलो' का असेना, त्याच्या मागे उभं राहावं लागत होतं. रांगेची सरासरी लांबी, येण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांना बांधणारा हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. बँकेच्या काउंटरला लागू, तसाच राउटरलाही लागू.

याच हिशोबातून एक विचित्र गोष्ट कळते. १ मेगाबाइटचा बफर १०० एमबीपीएसच्या वाटेवर ०.०८ सेकंदात रिकामा होतो, कुणाला पत्ताही लागत नाही. तोच बफर १० च्या वाटेवर ०.८ सेकंद घेतो आणि १ च्या वाटेवर ८ सेकंद. डबा तोच, मेमरी तीच. म्हणून 'या राउटरला मेमरी जास्त आहे' हे दुकानदाराचं वाक्य ऐकून खूश होऊ नका.

३. जागा कमी पडतेय, जास्त झालीय, की हात कमी पडतोय?

नवखे लोक इथेच घाई करतात. चार वेगवेगळे आजार आहेत आणि बाहेरून चारही 'नेट अडकतंय' असेच दिसतात.

भार टाकल्यावर पिंग चढत जातं पण पॅकेट हरवत नाहीत, तर बफर गरजेपेक्षा मोठा आहे. पिंग फारसं चढत नाही, पण मधूनमधून उत्तरच येत नाही आणि वेग दातेरी होतो, वर-खाली वर-खाली, तर बफर लहान आहे. प्लॅन वाढवूनही वेग एकाच आकड्याला अडतो आणि त्या वेळी राउटरच्या पानावर प्रोसेसर ९५-१०० टक्के दिसतो, तर हात संपला. आणि चौथा, सगळ्यात फसवा: जे आधीपासून चालू आहे ते झकास चालतं, पण नवीन काहीच उघडत नाही. त्याच्यासाठी पुढची पायरी वेगळी ठेवली आहे.

मोठा बफर वाईट का, हे मला कितीतरी दिवस पटत नव्हतं. जागा जास्त तर बरंच की! गोम अशी आहे की पाठवणाऱ्या संगणकाला पुढच्या नाक्यावरची गर्दी दिसत नाही. आपलं पॅकेट हरवलं, की बहुतेक वेळा त्यावरूनच त्याला ती कळते, आणि मग तो वेग कमी करतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ या हाकेच्या अंतरावरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. हजार नव्हे, चाळीस. हरवलेलं पॅकेट सगळे पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि गर्दीत भर घालत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेले उपाय आजही तुमच्या फोनमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात चालतात, आणि त्यांचं तत्त्व हेच: पॅकेट गळलं, हात आखडता घ्या. आता बफर एवढा मोठा असेल की काही गळतच नाही, तर पाठवणारा समजतो रस्ता मोकळा आहे आणि आणखी माल ओततो. जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमारास या दुखण्याला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. मराठीत मी त्याला रांगेला सूज म्हणतो.

४. नोंदवही भरली असेल तर

घरच्या राउटरमध्ये पॅकेटांच्या जागेशिवाय आणखी एक साठा असतो. आतल्या कुठल्या यंत्राने बाहेर कुणाशी बोलणं सुरू केलंय, याची प्रत्येक जोडणीमागे एक नोंद. बाहेरून आलेलं उत्तर कुणाला द्यायचं हे या वहीवरूनच ठरतं. वहीची पानं मोजकी असतात. भरली, की नव्या जोडणीला दार बंद.

एका भरतीच्या अर्जाची शेवटची संध्याकाळ होती. साडेआठ वाजता एकजात सगळ्यांचं 'नेट गेलं'. अर्जाचं पान उघडेना, काहीच उघडेना. कोपऱ्यातल्या टेबलावर एक मुलगी हेडफोन लावून सराव मुलाखत देत होती. म्हणाली, "दादा, माझं तर मस्त चालू आहे." मला वाटलं, हिने मोबाइल डेटा लावलाय. राउटर बंद करून चालू केला, दहा मिनिटं सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच. तिची मुलाखत मात्र मी मध्येच तोडली, ते वेगळंच. ती अजून आठवण करून देते.

तिचं खरं होतं. तिच्या कॉलची नोंद वहीत आधीच होती. इतरांना नवी पानं उघडायची होती आणि वहीत ओळ शिल्लक नव्हती. आमच्या जुन्या राउटरची मर्यादा ४०९६ नोंदींची. त्यातल्या दोन हजारांहून जास्त एकाच लॅपटॉपच्या नावावर. एका मुलाने महिन्यापूर्वी टोरंटने (एकाच वेळी अनेक यंत्रांकडून फाइल उतरवायची सोय) काहीतरी उतरवलं होतं, ते मागे चालूच होतं. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

तुमच्याकडे असं वाटलं तर:

- राउटरच्या पानावर चालू जोडण्यांची संख्या आणि कमाल मर्यादा बघा. सिस्टिम लॉगमध्ये 'टेबल फुल' असे शब्द दिसले की शंका मिटली.
- कुठल्या यंत्राच्या किती नोंदी आहेत ते बघा. एकाच्या नावावर शेकड्यांनी असतील तर आधी तिकडे जा.
- नोंद किती वेळ जिवंत राहते ते तपासा. बऱ्याच राउटरच्या आत चालणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या मूळ मांडणीत गप्प बसलेली चालू जोडणी ५ दिवस नोंद अडवून धरते. मुलगा घरी जाऊन, जेवून, झोपून, परत आला तरी वहीत कालची ओळ आहेच. हा वेळ निदान २ तास ४ मिनिटं ठेवावा असं इंटरनेटच्या मानकांत आहे, मी तेवढाच ठेवलाय.
- प्रत्येक यंत्राला जोडण्यांची मर्यादा घालता येत असेल तर घाला.

सापळा: कमाल मर्यादा एकदम दहापट करू नका. एक नोंद काही शे बाइटच खाते, पण छोट्या राउटरमध्ये मेमरीच मोजकी असते. ती संपली की राउटर आपोआप रिस्टार्ट होऊ लागतो आणि तुम्ही अडॅप्टर बदलत बसता. दुप्पट करा, एक संध्याकाळ बघा, मग पुढचं.

५. रांग आपल्या डब्यात ओढून आणा

सुजलेल्या रांगेचा उपाय उलटा वाटतो, वेग थोडा कमी करायचा. रांग नेहमी सगळ्यात अरुंद जागी लागते. ती जागा ऑपरेटरच्या डब्यात असेल तर तिथल्या रांगेवर आपली सत्ता नाही. आपल्या राउटरने २० ऐवजी १८ नेच माल सोडला, तर रांग आपल्याकडे लागते आणि तिला शिस्त लावता येते.

राउटरमध्ये रांगेला शिस्त लावणारी 'एसक्यूएम' किंवा 'स्मार्ट क्यू' नावाची सोय शोधा. ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीची एक मोफत प्रणाली) चालणाऱ्या राउटरमध्ये ती टाकता येते. पद्धत 'एफक्यू-कोडेल' किंवा 'केक' निवडा. अपलोड आणि डाउनलोड, दोन्ही मोजलेल्या आकड्याच्या ९० टक्क्यांवर ठेवा. प्लॅनच्या कागदावरचा आकडा धरू नका, गर्दीच्या वेळी स्वतः मोजलेला धरा.

कोडेल ही पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. रांग किती लांब आहे हे ती बघतच नाही. पॅकेट किती वेळ उभं होतं, एवढंच बघते. सलग १०० मिलिसेकंदांत एकदाही थांबण्याचा वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर ती पॅकेट गाळायला लागते आणि पाठवणाऱ्यांना इशारा पोचतो. 'एफक्यू' म्हणजे वेगवेगळ्या बोलण्यांच्या वेगवेगळ्या रांगा. लालबागला नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते ना, तसंच. ज्याला नुसतं हात जोडून निघायचंय त्याने नवसवाल्यांमागे तासन् तास का उभं राहावं?

आमच्याकडे हे चालू केल्यावर भरलेल्या अपलोडमध्येही पिंग ७०० वरून २० च्या आसपास आलं. माझा अजून विश्वास बसला नव्हता म्हणून मी तीन वेळा बंद-चालू करून बघितलं.

६. आणि मग हात कमी पडतो

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी डाउनलोडचा वेग ६० वर आला.

कारण असं की अनेक राउटरमध्ये पॅकेट पुढे ढकलायचं काम एक खास चिप करते, मुख्य प्रोसेसरला त्रासच देत नाही. याला हार्डवेअर ऑफलोड म्हणतात. रांगेला शिस्त लावायची तर बहुतेक राउटरमध्ये प्रत्येक पॅकेट मुख्य प्रोसेसरच्या हातून जावं लागतं, म्हणून ऑफलोड बंद होतं. खोक्यावर छापलेला वेग हा ऑफलोड चालू असतानाचा असतो. राउटर विकत घेताना 'एसक्यूएम चालू असताना किती?' हा प्रश्न विचारा. दुकानदाराला उत्तर येणार नाही, पण वापरणाऱ्यांनी केलेली मापं शोधली तर सापडतात.

दुसरी गोष्ट, प्रोसेसरला बाइट मोजावे लागत नाहीत, पॅकेट मोजावी लागतात. १०० एमबीपीएसचा भार १५०० बाइटच्या मोठ्या पॅकेटांत आला तर सेकंदाला साधारण ८,३०० पॅकेट. तोच भार १०० बाइटच्या चिल्लर पॅकेटांत आला तर सवा लाख. हाताला काम पंधरापट, वेगाचा आकडा तोच. वेग मोजणारी साइट मोठीच पॅकेट पाठवते, त्यामुळे तिथे पास झालेला राउटर पन्नास मुलांच्या कॉल, गेम आणि चॅटिंगच्या चिल्लरीत नापास होऊ शकतो.

राउटर बदलायचे पैसे नसतील तर एसक्यूएम फक्त अपलोडवर ठेवा. आम्ही आठ महिने तसंच चालवलं.

जाता जाता एक. राउटर हवेशीर जागी आहे ना बघा. आमच्याकडे भाद्रपदात मखराचे खोके त्याच्या चारही बाजूंना रचून ठेवले होते. हात लावला तर तव्यासारखा. तापलेलं यंत्र स्वतःला जपायला वेग उतरवू शकतं, आणि तुम्ही सेटिंगमध्ये शोधत राहता.

७. वाय-फाय वेगळं धरा

वर जे सांगितलं ते तारेवर तपासून झाल्यावरच वाय-फायकडे वळा. एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलतो. लांब, जिन्याजवळ बसलेला संथ फोन जास्त वेळ हवा अडवतो आणि बाकीचे थांबतात. एकाऐवजी दोन अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे डबे), वेगळ्या चॅनलवर, तारेने जोडलेले. इतकंच.

८. दोष ऑपरेटरकडे असेल तर काय घेऊन जायचं

"नेट स्लो आहे" म्हणून फोन केलात तर उत्तर ठरलेलं असतं, राउटर बंद-चालू करा. कागद घेऊन बोला:

- लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला जोडून घेतलेलं पिंग, सकाळी सातचं आणि रात्री साडेनऊचं, सलग चार दिवस
- त्याच वेळांचा ट्रेसराउट (वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यापर्यंत किती वेळ लागतो ते दाखवणारी यादी)
- आधीच्या तक्रारीचा डॉकेट नंबर

तुमच्याकडे कुणीही नेट वापरत नसताना रात्री पिंग चढत असेल, तर रांग त्यांच्या नाक्यावर आहे. रांगांचं सगळ्यात साधं गणित बघा. वाट ५० टक्के भरलेली असली की लागणारा वेळ रिकाम्या वाटेच्या दुप्पट, ९० टक्क्यांना दहापट, ९५ ला वीसपट. म्हणून नऊपर्यंत ठीक चाललेलं साडेनऊला अचानक बसतं. मधली पाच टक्के गर्दी एवढा फरक करते.

ट्रेसराउट वाचताना एक सापळा आहे, मी त्यात अडकून फोनवर वाद घातलाय. मधल्याच एखाद्या टप्प्याला १५० मिलिसेकंद दिसतात आणि पुढच्या टप्प्यांना ८-९. हा दोष नाही. मोठे राउटर माल पुढे ढकलायचं काम चिपकडे देतात आणि पिंगला उत्तर द्यायचं काम प्रोसेसरकडे, तेही फावल्या वेळात. वेळ एका टप्प्याला चढून पुढच्या सगळ्या टप्प्यांना तसाच राहिला, तरच तिथे रांग आहे.

राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही आणि आसपासची कितीतरी घरं एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेताय. एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट (तारेची नव्हेत, जोडण्या वेगळ्या ओळखायचे क्रमांक), तेच सगळ्यांत वाटायचे. म्हणजे चौथ्या पायरीतली नोंदवही ऑपरेटरकडेही आहे आणि तीही भरू शकते. अशा वेळी आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू करून मागा. त्यावरची वाहतूक या वहीत जात नाही. ते नाहीच म्हणाले तर स्टॅटिक आयपीचे (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) पैसे विचारा.

९. चिठ्ठी लावा

रिकाम्या वेळचं पिंग, भरल्या वेळचं पिंग, एसक्यूएमचे दोन्ही आकडे, जोडण्यांची मर्यादा, बदल केल्याची तारीख. पाच ओळी. ही चिठ्ठी राउटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मी पहिली बाहेरून चिकटवली होती, पासवर्डसकट. दुसऱ्या दिवशी तिचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता.